घर घ्यायच्या आधी नद्या बघून आलो (पावागड ते कावी, व्हाया बडोदं)

शुक्रवार : पावागड, आजवा आणि मग आपलं बडोदं

सकाळी साडेसहाला बडोद्यातल्या दांडिया बाजारातून निघालो, गाडीत मी, मामा, मामेभाऊ केदार आणि मामीने दिलेला डबा (दशम्या, लसणाची चटणी, आणि बडोद्यात जन्म झाला म्हणून वर ठेपले). मामा सिंचन खात्यातून रिटायर झालेत, केदारला घर घ्यायचंय, आणि २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात समा भागातल्या भाड्याच्या घरात त्याचा फ्रिज तरंगत होता, त्यामुळे आता तो प्रत्येक ब्रोकरला एकच प्रश्न विचारतो, "नदी किती लांब आहे?" मामांना या प्रश्नाचा भयंकर राग येतो. म्हणाले, दिवाळीनंतर चार सुट्ट्या जोडून घे, तुला नद्या दाखवतो, मग ठरव काय विचारायचं ते. मी फुकटात बसले गाडीत.

पावागडाला वर गेलो नाही, शुक्रवार असून गर्दी होतीच. पायथ्याला चांपानेरच्या बाजूला एका कोरड्या ओढ्यात उतरलो. टरबुजाएवढे काळे धोंडे पडलेले सगळीकडे, मामा एकावर बसले आणि विचारलं, "केद्या, हा इथे कुणी आणून ठेवला?" केदार म्हणाला पाण्याने. "मग त्या पाण्याला जोर किती असेल बघ." म्हणजे हा पहिला प्रकार. डोंगराचा तीव्र उतार, अरुंद ओढा, दोन्ही बाजूला जेमतेम दहा-वीस पावलांची सपाट जागा, तीही सलग नाही, तुकड्या-तुकड्यांत, आणि तिच्यात दगड-गोटे-जाड वाळू. असल्या जागी पूर येतो तासाभरात आणि जातोही तसाच. पाणी किती खोल याच्यापेक्षा किती जोरात हे महत्त्वाचं. अशा पट्टीवर कुणी टपरी नाहीतर फार्महाऊस बांधलं तर त्याला पाणी साचून नुकसान होत नाही, ते सरळ वाहूनच जातं.

मामांनी तिथेच सांगून टाकलं की १९९२ मध्ये नॅन्सन आणि क्रोक या दोन संशोधकांनी जगभरच्या पूरमैदानांची अशीच वाटणी केलीय, पाण्यात ताकद किती आणि काठ कशाचा बनलाय या दोन गोष्टींवरून. ताकद जास्त आणि काठ सुट्टा दगड-वाळूचा, ताकद मधली आणि काठ रेतीचा, ताकद कमी आणि काठ चिकणमातीचा, असे तीन मोठे गट, मग आत पोटप्रकार भरपूर. "नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल, हातात माती घेऊन बघायची सवय लाव." हे वाक्य पुढे इतक्या वेळा ऐकलं की विचारू नका.

विश्वामित्री याच पावागडातून निघते. साधारण आठशे मीटरचा डोंगर, आणि पन्नासेक किलोमीटरवर बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम पस्तीस-चाळीस मीटरवर. म्हणजे सगळी उतरण सुरुवातीलाच संपते आणि पुढे नदी नुसती रेंगाळते. हे डोक्यात ठेवा, सोमवारी लागेल.

मग आजवा. सयाजीराव महाराजांनी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव, मातीचं धरण, १८९२ पासून बडोदं त्याचं पाणी पितंय. लहानपणी इथे आलो की कारंजी बघायचो. या वेळी मामांनी दरवाज्यांकडे नेलं, ६२ दरवाजे आहेत, आणि २१२ फूट, २१४ फूट हे पाणीपातळीचे आकडे तर बडोदेकरांना क्रिकेटच्या स्कोअरसारखे पाठ असतात पावसाळ्यात. आजव्याची लेव्हल काय, शहरातल्या काळा घोडा पुलापाशी नदीची लेव्हल काय, सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच. पण मामांचं म्हणणं असं की लोक आकडा बघतात आणि वेळ बघत नाहीत. वरचं पाणी शहरात पोचायला काही तास लागतात. त्यामुळे शहरात पाऊस थांबलेला असतो, लोक गच्चीतून खाली उतरतात, दूध आणायला जातात, आणि तेव्हा नदी चढत असते. २०२४ ला हेच झालं ना, २६ ऑगस्टला जन्माष्टमी होती, पाऊस तुफान, आणि खरी वाट लागली ती त्यानंतरच्या दोन दिवसांत. धोक्याची पातळी २५ फूट, नदी गेली ३५ फुटांच्याही वर.

दुपारी शहरात आलो, सेव उसळ खाल्ली (तर्री जास्त मागितली, केदारने नको नको म्हणताना माझीही संपवली) आणि काळा घोड्याजवळच्या पुलावर उभे राहिलो. खाली पाणी एवढंसं, गढूळ, काठावर एक मगर लाकडाच्या ओंडक्यासारखी पडलेली. शहराच्या मधोमध वाहणाऱ्या नदीत मगरी, आणि त्याही चारशेच्या वर, हे बाहेरच्या लोकांना सांगितलं तर खोटं वाटतं. २०२४ ला अकोट्याला घराच्या छपरावर मगर बसलेला फोटो सगळ्यांनीच बघितला असेल.

इथे नदीचा प्रकार दुसराच. काठ उभे, मातीचे, घट्ट, नदी खोल चरात वळणं घेत जाते, कमाटीबागेतच बघा ना किती मोठं वळण आहे. बाहेरच्या बाजूला ती काठ खाते आणि आतल्या बाजूला गाळ टाकते, म्हणून वळणाच्या आतली जागा सपाट, सुपीक, बांधायला मोहात पाडणारी असते, आणि पाणी सगळ्यात आधी तिथेच चढतं. दोन्ही बाजूंना पूर्वी कोतरं होती, म्हणजे घळी, पावसाचं पाणी त्यातून नदीत यायचं आणि नदी फुगली की उलटं त्यात जाऊन थांबायचं. ती कोतरं मलबा टाकून टाकून भरली आणि त्यावर काय काय उभं राहिलं ते मी सांगायला नको, सयाजीगंज ते वडसर कुठेही काठाकाठाने चक्कर मारा. पाण्याची थांबायची जागा गेली तर पाणी काही कमी होत नाही, शेजारच्याच्या घरात जातं.

आणि आता केदारच्या प्रश्नाचं उत्तर. मामा आम्हाला नदीवरून एका कांसवर घेऊन गेले. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस, हे शहराचे जुने नाले, पावसाचं पाणी नदीत नेणारे. नदीची पातळी कांसच्या तोंडापेक्षा वर गेली की कांस उलटी वाहायला लागते. म्हणजे नदी दीड-दोन किलोमीटर लांब, मध्ये चार सोसायट्या, दोन मेन रोड, आणि पाणी येतं मागच्या गल्लीतल्या नाल्यातून, नाहीतर सरळ बाथरूमच्या जाळीतून. केदार म्हणाला, "बाबा, समाला अगदी असंच आलं होतं, पुढच्या रस्त्याकडे बघत बसलो होतो आणि पाणी मागून आलं." मामा म्हणाले, "हं."

संध्याकाळी अकोट्याच्या पुलावरून परत आलो. जुनी वस्ती खरं तर या पश्चिम काठावर होती, अंकोट्टक, इथल्या उत्खननात आणि आसपास सापडलेल्या वस्तू आहेत, जैन कांस्यमूर्ती तर बडोदा म्युझियममध्ये बघायला मिळतात. इतिहासात असं सांगतात की विश्वामित्रीच्या पुरांना कंटाळून लोक पूर्वेच्या उंच जागेवर सरकले आणि तिथे वटपद्रक वाढलं, तेच आपलं बडोदं. पुढे कोट बांधला तोही त्या बाजूलाच. आमचं दांडिया बाजारातलं घर २०२४ ला कोरडं राहिलं याचं मामींना फार कौतुक, देवाची कृपा म्हणतात. मामा म्हणतात देवाची कृपा आहेच, पण जागा निवडणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवले होते.

शनिवार : मही

आज उशिरा निघालो कारण केदारला ऑफिसचा कॉल होता (सुट्टीत!). फाजलपूरला महीच्या काठावर गेलो. मही म्हणजे आमच्यासाठी लहानपणापासून मुंबई-अहमदाबाद रेल्वेच्या पुलावरून नाणं टाकायची नदी, खाली उतरून कधी नीट बघितलीच नव्हती.

केदार काठावर उभा राहून पहिल्यांदा घाबरला. एवढी मोठी नदी, मध्य प्रदेशातून निघून राजस्थानातून फिरून आलेली, पाचशे ऐंशी किलोमीटर लांब, आणि गाव बरोबर काठावर. "इथे तर दरवर्षी बुडत असतील." एक काका बाजूला बिडी ओढत उभे होते, त्यांनी शांतपणे सांगितलं की गावात पाणी येत नाही, खाली भाठ्यात येतं.

कारण कडा. महीचे काठ इथे तीस-चाळीस मीटर उंच आहेत, जवळजवळ दहा मजली इमारत. रायका-दोडकाच्या बाजूला तर कडा इतका स्वच्छ कापलेला आहे की थर मोजता येतात, खाली गोटे आणि वाळू, मध्ये लालसर माती, वर वाऱ्याने आणलेली बारीक माती. एम. एस. युनिव्हर्सिटीची जिऑलॉजीची मुलं कायम इथे येतात म्हणे. हजारो वर्षांपूर्वी नदी वरच्या पातळीवर गाळ पसरत होती, मग ती खाली कापत गेली आणि वरचं मैदान तिने सोडून दिलं. दिसायला ते सपाट, नदीला लागून, गाळाचं, पण आता पूर तिथे पोचत नाही. इंजिनीअर लोक याला टेरेस म्हणतात. आणि खाली कड्याच्या पायथ्याला, नदीच्या आत, जी रेतीमिश्रित सपाट पट्टी आहे तो आजचा जिवंत पूरपट्टा, तोच भाठा. तिथे लोक उन्हाळ्यात काकडी-टरबूज लावतात, पावसाळ्यात सोडून देतात, घर कुणी बांधत नाही.

म्हणजे बघा, काल नदीपासून दोन किलोमीटरवर माणसं बुडत होती आणि आज नदीच्या नाकावर गाव कोरडं. केदारने त्याच्या नोटबुकात काहीतरी लिहिलं आणि पुसलं.

पण टेरेस सेफ म्हणजे सगळंच सेफ असं नाही हं. इथला धोका वेगळा आहे, काठ कोसळायचा. पावसाचं पाणी कड्यावरून उतरताना घळी पाडतं, घळी मागे मागे शेतात शिरतात, आणि पूर उतरताना भिजलेला कडा धाडकन खाली बसतो. पूर चढतानापेक्षा उतरताना हे जास्त होतं. आम्ही ज्या काठावर उभे होतो तिथेच दोन हात मागे जमिनीला भेग होती, मामांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. "व्ह्यू चांगला आहे म्हणून कड्यावरचा प्लॉट घेणारे महाभाग पण आहेत," म्हणाले. कड्यापासून किती मागे? निदान कड्याच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट तरी मागे राहावं आणि जवळ घळ नसावी, हा मामांचा स्वतःचा हिशोब, कायदा नाही.

फाजलपूरला आणि पुढे रायका, दोडका, पोईचाला ते मोठे गोल फ्रेंच वेल (विहिरी) दिसतात, नदीच्या पात्रातल्या रेतीतून पाणी ओढून बडोद्याला पाठवणारे. पूरमैदान म्हणजे नुसता धोका नाही, अर्धं शहर त्या रेतीतून गाळलेलं पाणी पितंय. भाठ्याची रेती उपसून नेली तर पुराबरोबर पाण्याचाही प्रश्न येतो, पण हे बोलायला गेलं की ट्रॅक्टरवाले रागावून बघतात, अनुभव घेतलाय.

परतताना सिंधरोट. शनिवार असल्याने कॉलेजची पोरं पाण्यात उतरलेली. वरती कडाणा धरण, मग वणाकबोरीचा बंधारा, तिथून पाणी सोडलं की खाली उघड्या उन्हात पातळी वाढते. मामांनी एका पोराला हाका मारून बाहेर बोलावलं, तो म्हणाला अंकल, गुडघ्याएवढंच आहे. मामा म्हणाले वाहतं पाणी गुडघ्याएवढं पुरतं, माणूस पडायला. दोन फूट वाहत्या पाण्यात तर बहुतेक गाड्या तरंगायला लागतात. पोरगं बाहेर आलं, पण मित्रांकडे बघून हसत होतं.

रविवार : वढवाणा, ओरसंग, चांदोद, गरुडेश्वर

आज मामी पण आल्या, कारण चांदोद आणि गरुडेश्वर. मराठी माणसाला नर्मदा म्हटलं की घरात बसवत नाही.

डभोईवरून आधी वढवाणा तलाव. हाही सयाजीरावांच्या काळातला, १९१०च्या सुमाराचा, ओरसंग नदीवर जोजव्याला बंधारा घालून तिचं पाणी कालव्याने इथे आणलेलं. सिंचनासाठी बांधला आणि पक्ष्यांनी पटकावला, २०२१ पासून रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. हिवाळी पाहुणे यायला लागलेत, दुर्बीण मामींच्या हातातून परत मिळवायला अर्धा तास लागला. मामा म्हणाले पुराचं जास्तीचं पाणी बाजूला नेऊन थांबवायचं, हेच खरं काम, नैसर्गिक पाणथळ जागा तेच फुकट करतात, आपण त्या बुजवून मग पंप बसवतो.

जोजव्याच्या पुढे ओरसंगच्या पात्रात उतरलो आणि मला कळेना नदी कुठे आहे. अर्धा किलोमीटरची नुसती वाळू, मध्ये पाण्याच्या दोन-तीन बारीक धारा, एकमेकींत मिसळतात, परत वेगळ्या होतात. हा आणखी एक प्रकार, वाळूची उथळ रुंद नदी. छोटा उदेपूरच्या डोंगरांतून एवढी वाळू येते की नदी एक धड पात्र ठेवूच शकत नाही. या पावसाळ्यात धार डाव्या काठाला, पुढच्या पावसाळ्यात उजव्या. काठ रेतीचे, ठिसूळ, हातात घेतली तर माती बोटांतून गळून जाते, चिकटतच नाही. म्हणून इथला धोका पाणी चढण्यापेक्षा नदी सरकण्याचा जास्त. शेत रात्रीत पात्रात जातं. पुलाच्या खांबांखालची वाळू निघून जाते, वरून पूल मजबूत दिसतो आणि खाली पाय मोकळे.

आणि फसवेपणा असा की वर्षाचे आठ महिने कोरडी, त्यामुळे लोकांना ती नदी वाटतच नाही, पात्रात गाड्या लावतात, क्रिकेट खेळतात. जुलै २०२२ मध्ये बोडेलीत एका दिवसात पंधरा इंचांच्या वर पाऊस पडला तेव्हा हीच नदी काठोकाठ होती. एक भरवाड पोरगा शेळ्या घेऊन आला होता, त्याने जुना काठ कुठे होता ते दाखवलं, आता तिथे पात्राच्या मधे एक बाभूळ एकटीच उभी आहे. मामा खूश झाले, म्हणाले सॅटेलाइटचे जुने फोटो बघायचे ते यासाठीच, दहा-वीस वर्षांचे फोटो एकावर एक लावले की नदी कुठे कुठे फिरली ते दिसतं, आणि जिथे ती एकदा होती तिथे ती परत येऊ शकते.

चांदोदला पोचायला साडेबारा. ओरसंग इथेच नर्मदेला मिळते, तिसरी सरस्वती गुप्त. आमच्याकडचे बहुतेक सगळे अस्थिविसर्जनाला, श्राद्धाला इथेच येतात, आजोबांना पण इथेच आणलं होतं. मल्हारराव घाटाच्या पायऱ्या उतरताना मामींचे गुडघे बोलायला लागले. उतरायला एवढ्या पायऱ्या, तर पाणी एवढं वर कसं येईल असं वाटतं. येतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सरदार सरोवरातून १८ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं, घाट बुडाला, चांदोदच्या बाजारात होड्या फिरल्या, पुढे भरूचला गोल्डन ब्रिजपाशी धोक्याची पातळी २४ फूट असताना नदी ४० फुटांपर्यंत गेली.

घाटावरच्या एका गुरुजींच्या घराच्या भिंतीवर रंगाने रेघ मारलीय, खाली तारीख. त्याच्या वर, कितीतरी वर, दुसरी पुसट रेघ, तिच्याबद्दल विचारलं तर म्हणाले सत्तरची, वडिलांनी मारलेली. ६ सप्टेंबर १९७० चा पूर. गरुडेश्वरला तेव्हा सेकंदाला ६९,४०० घनमीटर पाणी मोजलं गेलं, म्हणजे साडेचोवीस लाख क्युसेकच्या घरात. सरदार सरोवर धरण तेव्हा नव्हतंच.

इथे मामांनी जे सांगितलं ते मला सगळ्या ट्रिपमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. धरणाखालचं पूरमैदान हा वेगळाच प्राणी. धरण लहान-मध्यम पूर अडवून टाकतं. पूर्वी दर दोन-तीन वर्षांनी पाणी पायऱ्या चढायचं, लोकांना सवय असायची, सामान माळ्यावर ठेवायचे, दुकानं वर असायची. आता कित्येक वर्षं काहीच होत नाही. लोक खाली सरकतात, दुकान खाली, फ्रीजर खाली, होमस्टे खाली. जमीन तीच, पूरही कधीतरी येणारच, पण आठवण गेली. आणि तो येतो तेव्हा धरण भरलेलं असतं आणि एकदम येतो. मी विचारलं, मामा, म्हणजे धरणामुळे पूर वाढला? तर ते त्यात पडेनात, म्हणाले सत्तरच्यापेक्षा तेवीसचा पूर लहान होता ना, मग कमीच झाला, वाढलं ते खाली मांडलेलं सामान. केदारला हे पटलं नाही, त्याचं म्हणणं पाणी आधीपासून थोडं थोडं सोडता आलं असतं. दोघं गरुडेश्वर येईपर्यंत भांडत होते, मामी आणि मी मागे बसून पेरू खाल्ले.

गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीचं दर्शन झालं, १९१४ मध्ये स्वामींनी इथेच देह ठेवला. परिक्रमावासी भेटले, सातारकडचे दोघं, काठाने चालतात त्यामुळे त्यांना कुठे काठ ढासळलाय, कुठे वाट वरून घ्यावी लागते हे मामांपेक्षा जास्त माहीत होतं. मामा त्यांच्याकडून ऐकत बसले आणि आम्हाला निघायला अंधार पडला.

सोमवार : कावी-कंबोई आणि ढाढर

मामी आल्या नाहीत, गुडघे. पादरा-जंबुसर करत कावीला. पादऱ्याच्या पुढे जमीन इतकी सपाट होत जाते की दोन किलोमीटरवरचं देऊळ पण दिसतं. काळी माती, कापूस, तूर. कंबोईला स्तंभेश्वर महादेव भरतीत पाण्याखाली जातो आणि ओहोटीला बाहेर येतो, आम्ही ओहोटीला पोचलो, दर्शन घेतलं, मग बसून भरती बघितली. चिखलातून पाणी सरकत येतं, आवाज न करता, बघता बघता पिंड गेली. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, जगातल्या मोठ्यांपैकी एक.

हे कशाला बघायचं, तर ढाढरसाठी. ढाढर नदी याच आखातात, कावीच्या दक्षिणेला उतरते. पूर आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नदीचं तोंड काही तास बंद. वरून पाणी येत राहतं आणि खाली दार लागलेलं.

जंबुसरवरून आमोदला आलो, पुलावर थांबलो, मग आतल्या गावांत. आता हातात माती घ्यायची मामांची परीक्षा मीच दिली, मुठीत दाबली तर लाडू झाला, चिकट, काळी. तिसरा गट, कमी ताकद, चिकणमाती. इथे परातीत पाणी ओतल्यासारखा पूर पसरतो, जोर नाही, आवाज नाही, कुणाचं घर वाहून जात नाही म्हणून टीव्हीवर पण येत नाही. फक्त पाणी हलत नाही. चार-पाच दिवस, कधी त्याहून जास्त. कापूस सडतो, गुरांचा चारा सडतो, मातीच्या भिंती खालून भिजून बसतात, विहिरी-बोअर घाण होतात, साप घरात. एका आजींनी अंगणात खाट टाकून दिली, ताक दिलं आणि म्हणाल्या, "पाणी आवे एनो वांधो नथी बेटा, ऊतरतुं नथी एनो वांधो छे."

गावाची रचना बघण्यासारखी आहे. जुनं गामतळ (गावठाण) टेकाडावर, देऊळ, पटेलांची घरं, चबुतरा सगळं वर. नवीनगरी खाली, सपाटीवर, गरिबांची, नंतर दिलेल्या प्लॉटवरची. आणि मजा म्हणजे नवीनगरी नदीपासून लांब आहे, गामतळ जवळ. अशा नद्यांमध्ये पूर काठावरून बाहेर पडला की जाड गाळ आधी काठालाच टाकतो, बारीक चिखल लांब जातो, त्यामुळे वर्षानुवर्षं काठ उंच होत जातो आणि मागचा भाग खोलगट राहतो. नदीपासून लांब गेलात की उलट खाली उतरता. पाणी तिथे शिरलं की परत नदीत यायला वाट नाही, मध्ये उंच काठ आडवा. केदार स्वतःच म्हणाला, "बाबा, लांब किती हा प्रश्न कॅन्सल." त्याने नोटबुक दाखवलं, त्यात आता असं आहे : नदीच्या तळापासून किती वर, पाणी कुठून शिरेल, किती वेळ राहील, कुठून जाईल, आणि पूर्वी इथे काय होतं.

मी त्यात माझी भर घातली, कारण घर बघायला मी पण भरपूर फिरलेय. जुन्या भिंतीवरची ओलीची रेघ नवीन रंगाखाली पण दिसते, उन्हात तिरकं बघायचं. सोसायटीतल्या लाइटच्या मीटरची पेटी माणसाच्या डोक्यावर बसवली असेल तर का बसवली विचारा. वॉचमनला विचारा, ब्रोकरला नाही. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट (सविस्तर नकाशा) मिळाली तर बघा, तिच्यात तलावडी आणि कोतरं असतात जी आता पार्किंग झालीत. आणि "शंभर वर्षांत एकदा येणारा पूर" असं कुणी म्हटलं की निवांत होऊ नका, त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का, वीस वर्षांचं होमलोन फिटेपर्यंत तो एकदा तरी यायची शक्यता १८ टक्के, तीस वर्षांचं असेल तर २६. गेल्या वर्षी आला म्हणून पुढच्या वर्षी सुट्टी, असं काही नसतं.

शेवटी करजणच्या बाजूने पिंगळवाड्याला आलो. इथे विश्वामित्री ढाढरला मिळते. चार वाजले होते. शुक्रवारी पावागडाच्या धोंड्यांतून निघालेली तीच नदी, इथे हिरवट, जाड, वाहतेय की नाही कळायला काडी टाकावी लागली.

केदार म्हणाला, २०२५च्या पावसाळ्याआधी शहरात एवढं काम झालं, चोवीसेक किलोमीटर नदी खोल केली, रुंद केली, मग आता प्रश्न सुटला ना? मामा म्हणाले चांगलं काम आहे, करायलाच हवं होतं, शहरातून पाणी लवकर निघेल. पण निघून जाईल कुठे, तर इथे. इथून पुढे उतारच नाही आणि खाली भरती. बडोद्याचं पाणी लवकर आलं तर आजींच्या अंगणात लवकर येईल, आणि ढाढर आधीच भरलेली असेल तर विश्वामित्री मागे तुंबेल. वरती प्रतापपुरा, आजवा, गावोगावचे तलाव, तिथे जेवढं थांबवता येईल तेवढं थांबवा, मग खाली खोदा. केदारचं म्हणणं की वर थांबवायला जमीन कुठून आणणार, शहर तोवर बुडू द्यायचं का. मामा म्हणाले बुडू द्या म्हणालो का मी. मग दोघांनी काड्या टाकून वेग मोजायला सुरुवात केली, घड्याळ माझं, आणि एका काडीने वीस पावलं जायला इतका वेळ लावला की मी गाडीत जाऊन उरलेले ठेपले काढले.